भिंतीपासून एक फूट

३ जुलै

ही डायरी जनावरांच्या जंतांचं औषध बनवणाऱ्या एका कंपनीनं जानेवारीत फुकट दिली होती. प्रत्येक पानाच्या तळाशी एक निरोगी म्हैस आहे. निवृत्त होऊन महिना झाला तरी कचेरीतून कुणी 'साहेब, तुमच्याशिवाय अडलंय' असा फोन केला नाही, म्हणून लिहायला घेतली. बत्तीस वर्षं पशुधन पर्यवेक्षक म्हणून जनावरं तपासली. निरोपसमारंभात एकही जनावर माझ्याबद्दल खोटं बोललं नाही. भाषणं माणसांनी केली.

करिश्मानं, म्हणजे आमच्या लेकीनं, पुण्याहून कीबोर्ड पाठवलाय. सोबत चिठ्ठी: 'पप्पा, दिवसभर आईच्या मागं लागण्यापेक्षा याच्या मागं लागा.' एकसष्ट पट्ट्या, दोनशे आवाज. त्यात कुत्रं भुंकण्याचाही आहे. आमच्या सास्तूर गावात कुत्र्याचा आवाज विकत घ्यायची वेळ अजून आलेली नाही.

वाजवायची मात्र पंचाईत. मार्चमध्ये आण्णा गेला. माझा थोरला भाऊ, बिराप्पा. वर्ष होईपर्यंत भावकीत वाद्य नाही, सण नाही, गोडधोड नाही, असं लिंबाजी तात्यांनी तेराव्यालाच बजावलं. तात्या भावकीत वयानं मोठे. ते स्वतः टीव्हीवरच्या कुस्त्या असा आवाज लावून बघतात की पैलवानाचं हाड मोडलेलं आम्हाला कळतं. पण कुस्ती म्हणजे वाद्य नव्हे.

आणि मधल्या भिंतीच्या पलीकडं सिताबाई वैनी. भूकंपानंतर सरकारनं आम्हा भावांना शेजारीशेजारी दोन घरं दिली. मधे बोळ होता. पुढं आम्ही तो बोळ बुजवून दोन खोल्या काढल्या, एक त्याची, एक माझी. मिस्त्री म्हणाला, "चार इंची भितीतून पल्याडची शिंकबी ऐकू येईल, साहेब." मी म्हणालो, भावाभावात जाड भिंत कशाला? विटा वाचल्या. त्याच खोलीत आता कीबोर्ड ठेवलाय आणि मी त्याची धूळ पुसतो.

९ जुलै

हेडफोन लावून बघितले. कान घामानं चिंब. विहिरीच्या तळाशी बसून वाजवल्यासारखं वाटलं. काढले तेव्हा बायको, दैवशाला, समोर उभी. दूध उतू गेलं होतं, गॅस विझला होता, आणि तिनं मला चार हाका मारल्या होत्या.

"नोकरीत असताना ऐकायचा न्हायता, त्याला कारण तरी व्हतं," ती म्हणाली. "आता यंत्र लावून न ऐकायला बसलाव."

हेडफोन तिनं पिठाच्या डब्यात ठेवलेत. डबा तिच्या ताब्यात आहे.

१४ जुलै

नुसतं हौस म्हणून वाजवतोय असं मी सगळ्यांना सांगतो. डायरीत तरी खरं लिहावं, म्हैस कुणाला सांगायची नाही.

आण्णा पेटी वाजवायचा. रोज दिवेलागणीला, या मधल्या भिंतीला पाठ टेकून, एकच चाल. आमचा बाप मेंढरांमागं फिरताना गायचा ती. बावीस वर्षं तीच. सातला माझ्या बातम्या. सातला दोन मिनिटं कमी असताना मी पाण्याचा तांब्या घेऊन भिंतीवर तीन ठोके द्यायचो. ठक, ठक, ठक. पेटी थांबायची. त्यानं कधी एका शब्दानं विचारलं नाही. सात मार्चलाही मी ठोके दिले, त्यानं पेटी बंद केली, मी बातम्या बघितल्या. आठ तारखेला सकाळी शेळ्या सोडता सोडता तो खाली बसला तो उठलाच नाही.

बातम्यांत त्या दिवशी काय होतं ते मला आठवत नाही.

वर्षाच्या आत मला ती चाल एकदा वाजवायची आहे. वैनीला ऐकू न जाता. ज्यानं बावीस वर्षं वाद्य बंद पाडलं त्यानंच सुतकात वाद्य काढावं, हे त्या माऊलीला कळलं तर मी तोंड कुठं लपवू? रोज वाजवायला बसलो की वाटतं, आता भिंतीवर ठक-ठक येणार. आणि ते येण्याचा तिला पुरेपूर हक्क आहे.

एक गंमत. चाल तशी अर्धवटच आहे. चढते, वर जाऊन थांबते, संपली. आण्णाला पुढची येत नसावी. आमच्या घराण्यात काम शेवटाला न्यायची रीत नाहीच.

२ ऑगस्ट

कीबोर्डचे स्वतःचे स्पीकर म्हणजे डब्यात कोंडलेली मधमाशी. आवाज कमी केला की मधमाशीही झोपते, नुसती पट्ट्यांची टकटक उरते.

करिश्मानं ब्लूटूथचा स्पीकर पाठवला. पट्टी दाबली की आवाज अंमळ थांबून येतो. आमच्या खात्यात हेच चालायचं, साथ ओसरली की लशीचा आदेश. पण नोकरीत निभावतं ते चालीत निभावत नाही. माझी बोटं पुढच्या सुरावर, आवाज मागच्या.

मग गावातल्या मंडपवाल्याचा काळा खोका दोन दिवस आणला. त्याला 'हळू' हा शब्दच ठाऊक नाही. बटण शून्यावर असलं की सूं करतो, एकवर नेलं की खिडकीची काच बोलते. दोन्ही दिवस मी तो फक्त पुसला आणि परत दिला.

२० ऑगस्ट

सोलापूर. वाद्यांच्या दुकानात महांतेश नावाचा माणूस भेटला. चाळिशीचा, बोलताना मधेच कानडीत स्वतःशी पुटपुटणारा. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, "साहेब, तुम्हाला गावाला ऐकवायचंय का स्वतः ऐकायचंय?"

"स्वतः. तेही थोडं कमीच."

"मग स्टुडिओ मॉनिटर घ्या."

सोबत आलेल्या दैवशालाला वाटलं टीव्ही दाखवतोय. त्यानं समजावलं की साधा स्पीकर आवाजाला पावडर-लिपस्टिक लावतो, मॉनिटर लावत नाही. जसं वाजवाल तसं ऐकू येतं, चूक झाली की चूकच ऐकू येते.

"चूक दाखवणारं घरात एक हायच की," दैवशाला म्हणाली. "जोडी कशाला?"

आठ इंची, पाच इंची, चार इंची असे तीन जोड लावले. बाकी गिऱ्हाइकं आवाज वाढवा म्हणत होती, मी एकटाच कमी करा, अजून कमी करा म्हणत होतो. दुकानातला एक पोरगेलासा गिटारवाला माझ्याकडं दयेनं बघत होता. पण खरंच शिकायला मिळालं. आठ इंची आवाज कमी केला की जिल्हा परिषदेच्या सदस्यासारखा, आहे एवढंच कळतं. चार इंची मात्र कुजबुजीतही प्रत्येक सूर वेगळा काढून देतो. "दहा बाय दहाच्या खोलीला हेच," महांतेश म्हणाला. "कानाच्या उंचीला ठेवा, तोंड तुमच्याकडं, दोन्हीचं आणि तुमचं अंतर सारखं."

मी त्यावर आण्णाची चाल वाजवली. वर जाऊन थांबलो.

"पुढं?" त्यानं विचारलं.

"पुढं नाही."

"नाही कसं ओ? सूर लटकलाय की."

मी म्हणालो, आमच्याकडं असंच असतं. तो पुढं स्पीकरच्या मागच्या भोकाबद्दल काहीतरी सांगत होता, पण एसटीची वेळ झाली होती. "बाकी पुस्तिकेत आहे," तो मागून ओरडला.

२१ ऑगस्ट

पुस्तिका इंग्रजीत आणि चिनीत आहे. अक्षर मुंगीच्या पायाएवढं. टेबलाचा एक पाय डुगडुगत होता, त्याच्याखाली बरोबर बसली. निर्मात्यांनी विचार करून जाडी ठेवलेली दिसते.

जागा ठरवायला डोकं चालवावं लागलं. एका बाजूला धान्याची कोठी, एका बाजूला दार, म्हणून टेबल मधल्या भिंतीला. पण ते उलट सोयीचंच झालं. स्पीकरची तोंडं माझ्याकडं, पाठी भिंतीला पार चिकटवून. आवाज तोंडातून येतो, पाठीतून नाही. म्हणजे वैनीकडं पाठ, माझ्याकडं तोंड. सरकारी कचेरीत बत्तीस वर्षं काढलेल्याला हे तत्त्व शिकवावं लागत नाही.

शिवाय मी चाल खालच्या पट्ट्यांवर वाजवायचं ठरवलंय. वरचे सूर बारीक, टोचतात, लांब जातात. खालचे बिचारे घुमून तिथंच बसतात.

संध्याकाळी पावणेसातला वाजवलं. ठोक्यांची वाट बघितली. भिंत गप्प. पुन्हा वाजवलं. गप्प. बरोबर दहा मिनिटांत आवरलं आणि सातला बातम्या लावल्या. चाळीस वर्षांत एवढं सुख कुठल्या खरेदीनं दिलं नाही.

६ सप्टेंबर

विसर्जन. आमच्याकडं अर्थात काही नाही. पण माळापलीकडच्या गावातला डीजे इथं बसून कळतो. गाणं कुठलं ते कळत नाही, ते वाटेतच गळून जातं. नुसतं धम-धम पोचतं आणि छातीत भरतं. विज्ञानाची गंमत आहे.

मी त्या गडबडीचा फायदा घेऊन आज वीस मिनिटं वाजवलं, अर्थात खालच्या पट्ट्यांवरच.

१९ सप्टेंबर

तीन दिवस बेंबळीला साडूकडं होतो. परत आलो तर वैनी अंगणात शेळीला पाला टाकत होत्या.

"भावजी, गावाला गेलतात व्हय?"

"व्हय, बेंबळीला."

"वाटलंच," म्हणाल्या आणि आत गेल्या.

आमचं दार तीन दिवस बंद होतं, त्यामुळं वाटलं असणार. वैनीचं लक्ष असतं.

२२ ऑक्टोबर, पाडवा

आमच्याकडं दिवाळी नाही. सोयऱ्यांनी रितीप्रमाणे फराळ आणून दिला. सुतकात आपण करायचं नाही, पण लोकांनी आणलेलं खायला बंदी नाही. परिणामी इतर वर्षांपेक्षा जास्त चकल्या खाल्ल्या.

तात्या येऊन बसले. म्हणाले, "धनाजी, तुमच्या घरी पेटीसारखं कायतर आलंय म्हनं."

"करिश्माचं आहे. ठेवायला दिलंय."

"ठेवा. वर्ष होऊस्तर हात लावू नका. सिताबाईच्या जिवाला काय वाटंल?"

वैनी दारातच होत्या. पदर सावरत म्हणाल्या, "तात्या, चकली घ्या." तात्यांनी चकली घेतली. विषय तिथंच मोडला म्हणून बरं.

११ नोव्हेंबर

वैनीची मला काळजी वाटायला लागलीय. आज पिठाचा डबा द्यायला त्यांच्या खोलीत गेलो तर बाज मधल्या भिंतीला लावलेली. पार चिकटून.

बाहेरच्या माणसाला यात काही वाटणार नाही. पण आमच्या गावातलं माझ्या वयाचं माणूस भिंतीजवळ झोपत नाही. भूकंपाच्या त्या पहाटे भिंतींनीच माणसं नेली. वैनीची तर दोन वर्षांची लेक गेली. त्यानंतर बत्तीस वर्षं त्यांची बाज खोलीच्या मधोमध, नाहीतर अंगणात. पाऊस आला तरी पत्र्याखाली, पण भिंतीशी नाही. आणि आता?

दैवशालाला सांगितलं. ती म्हणाली, "मला ठावं हाय. दीड-दोन महिने झाले. दिवेलागणीला शेळ्या लवकर बांधत्यात अन् तिथंच बसत्यात."

"दुःखानं माणसाचं भान जातं," मी म्हणालो.

दैवशाला म्हणाली, "व्हय. एखाद्याचं जातं." आणि भाकरी थापायला गेली.

१ डिसेंबर

चाल आता हातात बसलीय. रोज वर चढतो, त्याच सुरावर थांबतो आणि तिथं बसून राहतो. महांतेशचं म्हणणं खरं आहे, मॉनिटर काही लपवत नाही. सूर लटकलेलाच ऐकू येतो. पुढं काहीतरी जोडून बघितलं. एकदा बापाची ओवी आठवून, एकदा सनई-चौघड्यासारखं. दोन्ही वेळा स्वतःचीच लाज वाटली. आण्णाला विचारायला हवं होतं. एवढी वर्षं भिंतीपलीकडं होता, ठोके द्यायला माझा हात पोचायचा, विचारायला तोंड पोचलं नाही.

आज फार आठवण आली त्याची. बस.

१५ जानेवारी

करिश्मा आलीय. संध्याकाळी तिच्यापुढं वाजवलं. शाबासकी मिळेल म्हणून बसलो तर तिनं नाक मुरडलं.

"पप्पा, आवाज घुमतोय किती! नुसता गदगद. पुस्तिका कुठाय?"

मी टेबलाच्या पायाकडं बोट दाखवलं. तिनं पुस्तिका ओढली, टेबल डुगडुगलं, तिनं वाचलं आणि कपाळावर हात मारला. स्पीकरच्या मागं भोक आहे ते शोभेचं नाही. खालचे सूर त्यातूनच बाहेर पडतात. म्हणून स्पीकर भिंतीपासून किमान एक फूट लांब ठेवायचा. चिकटवला की भिंतच वाजायला लागते.

"कुठल्या बाजूला?" मी विचारलं.

"दोन्ही, पप्पा. आणि तुम्ही वाजवताय तेही सगळं खालच्या पट्ट्यांवर."

मी हिशेब केला. जवळजवळ पाच महिने. रोज पावणेसात ते सात. ज्या माऊलीला ऐकू जाऊ नये म्हणून मी सोलापूर गाठलं, तिच्या भिंतीलाच तोंड लावून मी बसलो होतो. आणि ती बिचारी काय बोलणार? तात्यांसमोर चकली पुढं केली, ती माझी अब्रू झाकायला.

डीजे. विसर्जनाच्या दिवशी मी स्वतःच्या हातानं लिहिलंय, धम-धम तेवढं पोचतं. मागचं पान काढून वाचलं. खालची म्हैस माझ्याकडं बघत होती.

१७ जानेवारी

काल वाजवलं नाही. वैनीला तोंड दाखवलं नाही. शेळ्या अंगणात होत्या म्हणून मागच्या दारानं गेलो-आलो. आज करिश्मानं जाताजाता टेबल खोलीच्या मधे ओढलं, स्पीकर भिंतीपासून दोन फूट, खाली स्पंजचे तुकडे. "आता पलीकडं मुंगीलासुद्धा ऐकू जाणार नाही," म्हणाली.

वाजवणं सोडून द्यावं असं मनात आहे. उद्या फक्त एकदा बघतो.

१८ जानेवारी

पावणेसातला बसलो. आवाज अगदी बारीक, वरच्या पट्ट्यांवर. खरंच सुंदर लागलं. इतकं स्वच्छ या पाच महिन्यांत कधी आलं नव्हतं. चाल चढली, थांबली.

आणि भिंतीवर ठोके पडले. ठक, ठक, ठक. तांब्याचेच.

माझे हात पट्ट्यांवरच राहिले. वाटलं, फिटलं एकदाचं. उठून स्पीकरचं बटण बंद केलं आणि खाटेवर बसलो. थोड्या वेळानं दारात वैनी. हातात तांब्या तसाच.

"अवो भावजी, आज बी बंद का? परवापसनं आवाज न्हाय. बरं न्हाय का काय तुमास्नी?"

मला आधी उमजेचना. मग म्हणालो, "वैनी, चुकलं माझं. वर्ष व्हायचंय अजून. तुमास्नी ऐकू जाऊ नये म्हणूनच सगळं केलं होतं."

"वर्ष तात्यांचं. माजं म्या बगते."

"मग एवढे दिवस ऐकू येत होतं?"

"चाल अशी न्हाय कळत. नुसतं घुमतंय भितीत. पर हात ठिवला की कळतंय, आता चढतंय, आता थांबलं." त्या खोलीत आल्या, कीबोर्डकडं बघितलं, बसल्या मात्र नाहीत. "रोज तितंच थांबताव. जितं तुमी तांब्या वाजवत व्हताव तितंच."

मी म्हणालो, "पुढची आण्णाला येत नव्हती ना."

वैनीनं कीबोर्डवरून माझ्याकडं नजर वळवली. राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"येत नव्हती? तुमी वाजवू कवा दिली, भावजी?"

मी त्यांच्या हातातल्या तांब्याकडं बघितलं.

"तुमचा ठोका आला की ते पेटीचा भाता दाबून ठिवायचे. म्हनायचे, धनाजीची बातम्याची येळ झाली, दिवसभर जनावरात राबून आलाय. अन् ऱ्हायल्याली चाल तोंडानं म्हनायचे. हळू. मला अन् त्यास्नीच ऐकू यील इतकी. रोज. एक दिस चुकला न्हाय."

"सात मार्चला?"

"त्या दिशीबी."

मग वैनीनं तांब्या टेबलावर ठेवला आणि उभ्याउभ्याच पुढची चाल म्हणून दाखवली. लहानशीच आहे. वर लटकलेला सूर एकेक पायरी उतरतो आणि मेंढरं वाड्यात शिरावीत तसा घरच्या सुरावर येऊन बसतो. मी रडलो. दैवशाला दारात होती, तिनं बघितलं. तिला सगळं आधीपासून ठाऊक होतं असं आता वाटतं.

जाताना वैनी म्हणाल्या, "ते डबे पयल्यावानी भितीला लावा. त्यांची बसायची जागा तिच."

"वैनी, तुम्ही इथंच येऊन बसा ना. नीट ऐकू येईल."

"नको. मला तिकडूनच बरं वाटतंय."

२० जानेवारी

टेबल पुन्हा भिंतीला. स्पीकरच्या पाठी पार चिकटवून. पुस्तिका पुन्हा टेबलाच्या पायाखाली, तिथंच तिचा उपयोग आहे. करिश्माला कळवलेलं नाही.

पावणेसातला वाजवायला घेतलं. खालच्या पट्ट्यांवरच. वर जाऊन थांबायची सवय झालेली, बोटं अडली, मग उतरली. दोन ठिकाणी चुकलो. मॉनिटरनं दोन्ही चुका इमानदारीत दाखवल्या. पण चाल घरापर्यंत आली.

सात वाजून गेले होते. बातम्या लावल्या नाहीत. खोलीत शांत होतं, आणि त्या शांततेत भिंतीपलीकडून वैनीचा आवाज येत होता. तेवढाच शेवट, तोंडानं, अगदी हळू. एकेक सूर कळत होता.

मिस्त्री म्हणाला होता तेच खरं. टीव्ही बंद असला की या भिंतीतून सगळं ऐकू येतं.